पॅनलमधली ऑटोमॅटिक फायर सिस्टिम : सारखे विचारले जाणारे प्रश्न

फॅक्टरीतले मेंटेनन्सवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) जॉबवर्क करणारे, झालंच तर एखादा आर्किटेक्ट, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. इथे फक्त जागेवर उभ्या असलेल्या वस्तूंचं बोलतोय, म्हणजे इलेक्ट्रिक पॅनल, मीटर रूम, सीएनसी मशीन, डीजी सेट (डिझेल जनरेटर) वगैरे. गाड्या आणि बसेसचा विषय वेगळा आहे.

ही सिस्टिम म्हणजे नक्की काय असतं?

पॅनलच्या आतून एक बारीक प्लास्टिकची ट्यूब फिरवलेली असते, बाहेरून साधारण ६ मिलिमीटर जाडीची, बहुतेक वेळा लाल नाहीतर काळी. तिच्यात नायट्रोजनचा दाब भरलेला असतो आणि तिचं एक टोक आग विझवणारा गॅस किंवा पावडर भरलेल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला जोडलेलं असतं. आत कुठे ज्वाळ उठली की ट्यूबचा जो भाग सगळ्यात जास्त तापतो तिथेच ती फुटते आणि सिलिंडरमधला माल सुटतो, साधारण ११० डिग्री सेल्सिअसच्या आसपास, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. सायकलची ट्यूब पंक्चर व्हावी तसंच, फक्त इथे पंक्चर आपल्याला हवंच असतं आणि नेमकं आगीच्या तोंडावर हवं असतं. बॅटरी नको, वायरिंग नको, सेन्सर नको, म्हणूनच लाइट गेलेली असली तरी आणि रात्री तीन वाजता कोणी नसलं तरी ती तिचं काम करते.

डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असं काहीतरी सांगतात सेल्सवाले, ते काय?

डायरेक्टमध्ये ट्यूबला जिथे भोक पडलं तिथूनच गॅस बाहेर येतो, म्हणजे शोधणारी तीच आणि मारणारी पण तीच. इनडायरेक्टमध्ये ट्यूब फुटून दाब उतरला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस वेगळ्या पाइपातून नोझलपर्यंत जातो. छोटं बंद पॅनल असेल तर डायरेक्ट पुरतं. मोठी जागा, डीजीची कॅनॉपी (जनरेटरवरची बंद पेटी), सीएनसीचं केबिन, किंवा पावडर वापरायची असेल तर इनडायरेक्ट घ्या. काही लोक पैसे वाचवायला पाच-सहा पॅनलच्या लाइनीला एकच डायरेक्ट ट्यूब फिरवतात, त्यात होतं असं की एका पॅनलमध्ये ट्यूब फुटली की गॅस तिथेच सुटतो (ते बरोबरच आहे), पण नंतर बाकीची सगळी पॅनल रिकाम्या सिलिंडरवर उभी राहतात आणि रिफिल होईपर्यंत कुणाला त्याचा पत्ता नसतो.

रूममध्ये स्मोक डिटेक्टर आहेत, भिंतीला सीओटूचे सिलिंडर टांगलेत, मग हे वेगळं कशाला?

डिटेक्टर छताला असतो आणि आग बंद दाराच्या आत असते. धूर पॅनलच्या फटीतून निघून छतापर्यंत जाऊन डिटेक्टर वाजेपर्यंत आत बसबारचे (करंट वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) सपोर्ट आणि केबलचं इन्सुलेशन पेटलेलं असतं. आणि भिंतीवरचा सिलिंडर कोण वापरणार? चालू पॅनलचं दार उघडून आत नोझल धरायला शहाणा माणूस तयार होत नाही आणि होऊ पण नये. दार उघडलं की आगीला हवा मिळते ते वेगळंच. अजून एक गोष्ट लोकांच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो ओलाव्याबरोबर ॲसिड होऊन शेजारच्या न जळलेल्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आणि पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) कार्डांवर बसतो. म्हणजे आग एका खान्यात आणि नुकसान सगळ्या लाइनीचं. आग जितकी लवकर मेली तितका हा धूर कमी, खरा फायदा हाच आहे.

पॅनलला आग लागतेच कशी? पेपरात तर कायम शॉर्टसर्किट लिहिलेलं असतं.

हो, काहीही जळलं की शॉर्टसर्किट. खरं बघितलं तर बहुतेक वेळा सुरुवात ढिल्या जोडाने होते. लगचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) बोल्ट नीट टाइट नाही, किंवा ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला बायमेटल वॉशर न टाकता जोडली, किंवा लग क्रिंप करताना (केबलवर दाबून बसवताना) चुकीचा डाय वापरला, मग तिथे रेझिस्टन्स वाढतो, तिथे गरम होतं, गरम झाल्यावर पसरतं, थंड झाल्यावर आकसतं, बोल्ट अजून ढिला होतो, आणि हे चक्र महिनोन्महिने चालू राहतं. साधी पीव्हीसी केबल सतत ७० डिग्रीपर्यंतची असते आणि एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) ९० ची, जोडापाशी त्याच्या वर गेलं की इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, आणि मग खरंखुरं शॉर्टसर्किट होतं. म्हणजे पेपरवाला खोटं लिहीत नाही, शेवटचं पान वाचून लिहितो इतकंच.

त्यात गावागावाची आपापली भर असते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांत कापसाचे तंतू पॅनलमध्ये जाऊन बसतात, साखर कारखान्यात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ, लोटे-परशुराम किंवा तारापूरला केमिकलची हवा तांबं काळं करते, कोकणपट्टीत खारा दमटपणा, आणि चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या आउटडोअर पॅनलच्या आत हात घालवत नाही. एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) पॅनल तर वेगळंच प्रकरण, हार्मोनिक्समुळे (सप्लायमधल्या बिघडलेल्या लहरींमुळे) कपॅसिटर फुगतात आणि एक फुटला की शेजारच्याला घेऊन जातो. माझं स्पष्ट मत आहे की ज्याने वर्षातून एकदा लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने पॅनल बघितलं नाही आणि शटडाउनमध्ये टॉर्क रेंचने बोल्ट तपासले नाहीत, त्याने आधी ते करावं आणि मग सप्रेशनचं, म्हणजे या आग विझवणाऱ्या सिस्टिमचं, कोटेशन मागवावं.

गॅस कुठला घ्यावा?

यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सीओटू स्वस्त, सगळीकडे रिफिल होतो, मागे काही उरत नाही. पण प्रमाण खूप लागतं, दाब जास्त असतो म्हणून सिलिंडर जड, आणि पॅनल अगदी घट्ट बंद असेल तर एकदम गॅस सुटल्यावर दार उडू नये म्हणून दाब निघायला वाट ठेवावी लागते. आणि माणसाला धोका आहे. हवेत दहाएक टक्के सीओटू झाला तरी माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो आणि आग मारायला तर ३४ टक्के आणि त्याहून जास्त लागतो. पॅनल मोठ्या हॉलमध्ये असेल तर ठीक, पण जिन्याखालच्या कोंडलेल्या खोलीत चार सिलिंडर सीओटूचे लावले तर ती खोलीच धोक्याची होते.

एचएफसी-२२७ईए म्हणजे बाजारात एफएम-२०० म्हणतात तो. चांगला गॅस आहे, स्वच्छ आहे, वर्षानुवर्षं सर्व्हर रूममध्ये वापरतात. अडचण अशी की पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद सीओटूच्या तीन हजार पटीहून जास्त आहे आणि किगाली या आंतरराष्ट्रीय कराराखाली असे गॅस हळूहळू कमी होणार आहेत. भारताने तो करार २०२१ मध्ये मान्य केला, आपल्याकडे कपात २०३२ पासून सुरू होणार. म्हणजे आज मिळतोय, पण पंधरा वर्षांनी रिफिलला काय भाव असेल याचा विचार आजच करा. हॅलॉनच्या (ओझोनचा थर खातो म्हणून बंद झालेला जुना गॅस) वेळी हेच झालं होतं.

एफके-५-१-१२, ज्याला लोक नोवेक म्हणतात. भरताना पातळ द्रव असतो, ४९ डिग्रीला उकळतो, नोझलमधून निघताना त्याची वाफ होते. पर्यावरणाला तुलनेने हलका. थ्री-एमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या अखेरीपर्यंत ते पीएफएएस प्रकारची (फ्लोरिनवाली, निसर्गात सहज न मोडणारी) सगळी रसायनं बनवणं बंद करणार, त्यात नोवेक पण आलं, तेव्हापासून दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं की आता हा गॅस बंद झाला का. नाही. ब्रँड थ्री-एमचा होता, रसायन तेच दुसऱ्या कंपन्या पण बनवतात. पण युरोपात पीएफएएसवर जे चाललंय ते बघता पुढे काय होईल त्यावर लक्ष ठेवा, आणि सिलिंडरमध्ये कोणाचा माल भरलाय त्याचं सर्टिफिकेट मागा.

एबीसी पावडर सगळ्यात स्वस्त आणि आग मारायला जबरदस्त, पण इलेक्ट्रॉनिक पॅनलमध्ये कृपा करून नको. ती मोनोअमोनियम फॉस्फेट असते, गरम पृष्ठभागावर वितळून चिकटते, दमट हवेत तांबं खाते. आगीतून ड्राइव्ह वाचली आणि पावडरने गेली असं व्हायला वेळ लागत नाही. डीजीला पावडर चालते, ते खाली येतंच.

किती किलो लागेल? वेंडर प्रत्येक पॅनलला सरसकट २ किलो लावतोय.

हिशोब पॅनलच्या आतल्या घनफळावर होतो, दिसण्यावर नाही. समजा पॅनल २ मीटर उंच, ८० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर खोल, म्हणजे ०.९६ घनमीटर. सीओटूचा कोरड्या इलेक्ट्रिकल उपकरणांसाठी नेहमीचा धरलेला हिशोब घनमीटरला १.६ किलो, म्हणजे दीड किलोच्या वर. एफके-५-१-१२ साधारण ५.३ टक्के धरला तर २० डिग्रीला पाऊण किलो, आणि एचएफसी-२२७ईए ७.९ टक्के धरला तर ०.६ किलो. हे झाले घट्ट बंद पॅनलचे आकडे. लूव्हर (हवेच्या फटी) आहेत, खाली केबलचं भोक उघडं आहे, वर एक्झॉस्ट फॅन आहे, तर त्यात भर घालावी लागते. म्हणून वेंडरला कॅल्क्युलेशन शीट मागा. एका कागदावर घनफळ, धरलेलं प्रमाण, गळतीची भर आणि शेवटचं वजन, एवढं ज्याला देता येत नाही त्याचे २ किलो हे अंदाजपंचे आहेत. तेच २ किलो छोट्या पॅनलला जास्त पडतात आणि मोठ्याला कमी.

केबल एन्ट्रीची भोकं बंद करणं खरंच गरजेचं आहे का?

हो. गॅस टिकला नाही तर काही उपयोग नाही. ग्लँड प्लेट (जिच्यातून केबल आत येते ती प्लेट) नीट बसवा, उरलेल्या जागा फायर सीलंटने भरा, सुतळी आणि थर्माकोल कोंबू नका. उंदीर पण त्याच वाटेने येतात.

सिस्टिम लावली, गॅस सुटला, आग विझली, आणि पाच मिनिटांनी परत पेटली. असं होतं का?

होतं, आणि या सगळ्या पानातलं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

गॅस ज्वाळ मारतो, करंट बंद करत नाही. ढिला जोड तसाच आहे, लोड तसाच चालू आहे, गॅस फटीतून निघून गेला की तोच जोड परत पेटवतो आणि आता सिलिंडर रिकामा. म्हणून सिलिंडरवर प्रेशर स्विच घ्यायचा आणि दाब पडला की सप्लाय ट्रिप झाला पाहिजे. कोटेशनमध्ये हा स्विच बहुतेक वेळा 'ऑप्शनल' म्हणून खाली लिहिलेला असतो आणि परचेसवाले पहिल्यांदा तोच काढतात. अहो, तोच तर काढायचा नाही.

आता ट्रिप कुठे द्यायची? लोक त्याच पॅनलच्या इनकमरच्या (सप्लाय आत घेणाऱ्या मुख्य ब्रेकरच्या) शंट ट्रिपला (सिग्नल आला की ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलला) देतात. पण इनकमर ट्रिप झाला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर सप्लाय असतोच, आणि आग जर इनकमिंग लगलाच लागली असेल (तिथेच जास्त लागते, कारण सगळा लोड तिथूनच जातो) तर काहीच कापलं गेलं नाही. ट्रिप त्याच्या आधीच्या ब्रेकरला द्या, मेन पॅनल असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (हाय टेन्शन) साइडच्या व्हीसीबीला (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरला).

आणि मग मजा बघा, मेन ट्रिप झाली की एएमएफ पॅनलला (लाइट गेली की डीजी आपोआप चालू करणाऱ्या पॅनलला) वाटतं लाइट गेली, ते दहा सेकंदात डीजी चालू करतं आणि जळत्या पॅनलला परत सप्लाय देतं! म्हणून त्याच प्रेशर स्विचचा एक कॉन्टॅक्ट डीजीच्या स्टार्ट इंटरलॉकला, एक यूपीएसच्या इमर्जन्सी ऑफला, एक पॅनलच्या कूलिंग फॅनला. छतावर सोलर असेल तर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर स्वतः थांबतो, पण डीसी साइड दिवसा जिवंतच राहते, डीसी डिस्ट्रिब्यूशन बॉक्सचं वेगळं बघा. एपीएफसीचे कपॅसिटर पण सप्लाय गेल्यावर थोडा वेळ चार्ज धरून असतात.

हॉस्पिटल, फर्नेस, कोल्ड स्टोरेज अशा ठिकाणी सरळ ट्रिप परवडत नाही असं म्हणणारे असतात. त्यांचं म्हणणं चूक नाही, पण मग कोणता फीडर (पॅनलमधून बाहेर जाणारी लाइन) तोडायचा, कोणता नाही, आणि रात्रपाळीच्या माणसाने अलार्म ऐकल्यावर काय करायचं हे आधीच लिहून पॅनलशेजारी लावा.

पॅनलमध्ये खाने खाने आहेत, ट्यूब कुठून न्यायची?

इथे फसवणूक पण होते आणि आळस पण होतो. जिथे बसबार चेंबर, फीडरचे खाने आणि केबल ॲली (केबलची उभी गल्ली) सगळं पत्र्याने वेगळं केलेलं असतं, तिथे एका खान्यातली आग दुसऱ्या खान्यातल्या ट्यूबला लवकर कळत नाही, आणि कळली तरी गॅस पत्र्यापलीकडे जात नाही. म्हणून ट्यूब प्रत्येक बंद खान्यातून गेली पाहिजे. उष्णता वर जाते, म्हणून ट्यूब लग, कॉन्टॅक्टर आणि ब्रेकरच्या वरून न्यायची, खालून नाही. वाकवताना मोडायची नाही, पत्र्याच्या भोकातून जाताना ग्रोमेट (रबरी कडं) घालायचं, क्लिपने धरायची पण आवळायची नाही, आणि हीटर किंवा मोठ्या रेझिस्टरला टेकू द्यायची नाही. काम झाल्यावर प्रत्येक खान्याचा फोटो मागून घ्या. बाहेरून सिलिंडर आणि स्टिकर चकचकीत आणि आत ट्यूब दोनच खान्यांत, अशी पॅनल भरपूर आहेत.

उंदराने ट्यूब कुरतडली तर?

गॅस सुटणार. ट्यूबला आग आणि दात यातला फरक कळत नाही. धान्याच्या गोदामात, बेकरीत, मार्केट यार्डात हा खरा प्रश्न आहे. आधी भोकं बंद करा, तिथे इनडायरेक्ट घेतली तरी तोच धोका आहे, म्हणून ज्या जागी उंदीर आवरतच नाहीत तिथे ट्यूबऐवजी एरोसोल (ते काय ते खाली येतंय) किंवा इलेक्ट्रिक डिटेक्शनचा विचार करावा.

आर्क फ्लॅशपासून ही सिस्टिम वाचवते का?

नाही, आणि जो हो म्हणतो त्याच्याकडून काही घेऊ नका. आर्क फ्लॅश, म्हणजे शॉर्ट झाल्यावर हवेतून होणारा विजेचा स्फोट, हा मिलिसेकंदांचा खेळ आहे, ट्यूब तापून फुटेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. त्यासाठी उजेड ओळखणारा आर्क प्रोटेक्शन रिले येतो, तो ब्रेकरला लगेच ट्रिप देतो. ही सिस्टिम त्यानंतर जे पेटतं त्याच्यासाठी. पॅनलवर काम करणाऱ्या वायरमनला 'आता फायर सिस्टिम आहे, लाइव्हवर कर' असं सांगणारा सुपरवायझर असेल तर त्याला समज द्या.

फायर बॉल, छताला लावायचे मॉड्युलर सिलिंडर, एरोसोल, यातलं काय चालेल?

बॉलमध्ये पावडर असते आणि तो ज्वाळ लागल्यावर फुटतो. गोदामाच्या कोपऱ्यात ठीक, ड्राइव्हच्या पॅनलमध्ये नको, कारण वर सांगितलं. मॉड्युलरला काचेचा बल्ब असतो, लाल बल्ब ६८ डिग्रीला फुटतो, पिवळा ७९ ला, हिरवा ९३ ला. विदर्भातल्या उन्हाळ्यात तापलेल्या पॅनलच्या छताशी लाल बल्ब लावला तर आगीशिवायच तो सुटेल, तिथे हिरवा मागा. एरोसोल म्हणजे घन पदार्थाची डबी, पेटल्यावर पोटॅशियमच्या अतिबारीक कणांचा धूर सोडते. दाबाचा सिलिंडर नसल्यामुळे गेज बघणं, हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासणं) वगैरे भानगड नाही, जागा कमी लागते, छोट्या पॅनलला सोयीची. पण निघताना ती डबी चांगलीच गरम होते म्हणून तोंडासमोर केबल नको, आणि मागे जी बारीक भुकटी राहते ती दमट हवेत बसू न देता लवकर साफ करावी लागते.

सीएनसी मशीनला लागते का? आमच्याकडे तर कूलंट पाण्याचंच आहे.

पाण्यात मिसळायचं कूलंट असेल तर मशीनच्या आत धोका कमी, मागच्या इलेक्ट्रिक कॅबिनेटला लावा म्हणजे झालं. पण पाणी न मिसळलेलं (इंग्रजीत 'नीट') कटिंग ऑइल वापरत असाल, ग्राइंडिंग किंवा डीप होल ड्रिलिंग करत असाल, किंवा स्पार्क इरोजनचं मशीन असेल ज्यात डायइलेक्ट्रिक ऑइल असतं, तर आत तेलाची वाफ आणि धुकं भरलेलं असतं, टूल तुटला किंवा ऑइलची धार हुकली की ठिणगीने भडका होतो. तिथे इनडायरेक्ट सिस्टिम, नोझल मशीनच्या केबिनमध्ये, आणि मिस्ट कलेक्टरच्या (तेलाचं धुकं ओढून घेणाऱ्या मशीनच्या) डक्टला डँपर (बंद होणारी झडप) पाहिजे, नाहीतर कलेक्टर गॅस ओढून घेतो आणि वर ज्वाळ पण डक्टमध्ये नेतो. गॅस सुटला की स्पिंडल, ऑइल पंप आणि कलेक्टर तिन्ही बंद. चाकण-भोसरीत रात्री ऑपरेटरशिवाय मशीन चालवणारे बरेच झालेत आता, त्यांना हे जास्त लागू. मॅग्नेशियमचं मशीनिंग करत असाल तर मात्र सीओटू किंवा एफएम-२००, एफके असे क्लीन गॅस घेऊ नका, पेटलेलं मॅग्नेशियम सीओटूमध्ये पण जळत राहतं, त्याची पावडर वेगळी असते.

डीजी सेट?

कॅनॉपीत हवा खूप खेळते, म्हणून साधा गॅस टिकत नाही. इनडायरेक्ट पावडर घ्या, आणि गॅस किंवा पावडर सुटली की इंजिन बंद झालंच पाहिजे, रेडिएटरचा पंखा फिरत राहिला तर सगळं बाहेर फेकतो. ट्यूब एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून लांब ठेवा, डिझेलच्या होजच्या आसपास ठेवा. डीजीच्या कंट्रोल पॅनलला मात्र वेगळा छोटा क्लीन एजंट, म्हणजे क्लीन गॅसचा सिलिंडर.

सोसायटीच्या मीटर रूमचं काय? सेक्रेटरी म्हणतात खर्च कशाला.

मीटर रूम बहुतेक जिन्याखाली किंवा लिफ्टशेजारी असते, म्हणजे तिथला धूर सरळ जिन्यात चढतो आणि तीच लोकांची पळायची वाट. खर्च कशाला याचं उत्तर एवढंच. पण काका-काकूंनो, आधी फुकटची कामं करा. रूममधले जुने पेपर, रंगाचे डबे, गणपतीच्या मंडपाचं सामान, वॉचमनची गादी बाहेर काढा. तिथे ई-स्कूटर चार्जिंगला लावू देऊ नका. एसी वाढले तेवढा मेन केबलचा लोड वाढला का ते लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून बघून घ्या. तीस वर्षांपूर्वी एका फ्लॅटला एक फ्रिज धरून टाकलेली केबल आज तीन-तीन एसी ओढतेय.

मग सिस्टिम. मीटरची सीलबंद पेटी तुमची नसते, महावितरण किंवा बेस्ट किंवा जी कोणती वीज कंपनी असेल तिची असते, त्यामुळे सीलच्या आत परवानगीशिवाय ट्यूब घालता येत नाही. सोसायटीचं स्वतःचं पॅनल, मेन स्विच, लिफ्ट आणि पंपाचं पॅनल, बसबार चेंबर यांना लावता येते. छोटी रूम असेल तर सीओटू नको, क्लीन एजंट किंवा एरोसोल घ्या आणि दारावर पाटी लावा.

लिथियम बॅटरीच्या यूपीएसला हीच सिस्टिम चालेल का?

यूपीएसच्या इलेक्ट्रॉनिक भागाला चालेल. बॅटरीच्या सेलमध्ये थर्मल रनअवे (सेल स्वतःच तापत जाऊन आवरेनासा होणं) सुरू झाला तर हा गॅस बाहेरची ज्वाळ मारेल, पण सेलच्या आतली उष्णता थांबवणार नाही, आणि सेल ज्वालाग्राही वायू सोडत राहतो. तिथे लवकर ओळखणं, वायू बाहेर काढणं आणि भरपूर थंड करणं हाच मार्ग, तो वेगळाच डिझाइनचा विषय आहे.

ट्रान्सफॉर्मर आणि पवनचक्कीला पण हेच लावतात का?

मोठ्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला नाही, १० एमव्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) आणि वरच्यांना पाण्याच्या फवाऱ्याची किंवा नायट्रोजन इंजेक्शनची सिस्टिम असते. पवनचक्कीच्या वरच्या डब्यात, म्हणजे नॅसेलमधल्या पॅनलना मात्र ट्यूब सिस्टिम किंवा एरोसोल लावतात, आणि ते बरोबरच आहे, साताऱ्याच्या पठारावर एवढ्या उंचीवर पेटलेल्या नॅसेलपर्यंत कुठल्या फायर ब्रिगेडची शिडी पोचणार.

गॅस सुटलाय. आता पहिल्यांदा काय करू?

पॅनलचं दार उघडू नका. सप्लाय आधीच्या ब्रेकरपासून खरंच बंद झालाय का ते बघा, लॉक लावा. रूमची दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या आणि थोडा वेळ बाहेर थांबा, कारण सीओटू असेल तर गुदमरायची भीती आणि एफएम-२०० किंवा एफके असेल तर ज्वाळेत त्याचा थोडा भाग हायड्रोजन फ्लोराइड होतो, डोळे-घसा जळतात. अर्धा तास गेला तर बिघडत नाही. नंतर मीटरने सप्लाय नाही याची खात्री करून मगच दार उघडायचं. पाणी किंवा ओलं फडकं लावायचं नाही. आणि सिलिंडर भरून येईपर्यंत ते पॅनल बिनसंरक्षणाचं आहे हे सगळ्या शिफ्टला कळवा, शक्य असेल तर एक भरलेला स्पेअर सिलिंडर कंपनीतच ठेवा.

खंडेनवमीला पॅनलला हार घालतो, उदबत्ती लावतो, त्याने सिस्टिम उडेल का?

उदबत्ती पॅनलसमोर लावली तर नाही, ट्यूबला टेकवली तर हो. पूजा बाहेरून करा, हळद-कुंकू आणि तांदूळ दाराच्या फटीतून आत जाऊ देऊ नका, आणि झेंडूचा हार लूव्हरवर नको, हवा अडते. दुसऱ्या दिवशी हार काढायची आठवण मात्र कोणालाच राहत नाही, तो दिवाळीपर्यंत तिथेच वाळत असतो.

मेंटेनन्स काय आणि किती वेळा?

रोज जाता-येता गेजचा काटा हिरव्यात आहे का बघायचं, सिक्युरिटीच्या राउंडच्या वहीत एक कॉलम टाका. महिन्यातून एकदा फिटिंगपाशी गळती बघा, साबणाच्या पाण्याने नाही, पॅनलमध्ये पाणी नेऊ नका, गळती शोधायचा वेगळा स्प्रे मिळतो तोही सप्लाय बंद करून. सीओटूचं वजन करावं लागतं, कारण त्यात दाबावरून किती गॅस उरला ते कळत नाही. वर्षातून एकदा प्रेशर स्विचची ट्रिप खरोखर घेऊन बघा, एमआयडीसीच्या गुरुवारच्या सुट्टीत होऊन जातं. सिलिंडरवर ठोकलेली हायड्रोटेस्टची तारीख बघा, दाबाचे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर रूल्सखाली येतात आणि त्याचं ऑफिस म्हणजे पेसो (स्फोटकं आणि दाबाचे सिलिंडर यांवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं) आपल्या नागपूरलाच आहे.

कागदाचं म्हणाल तर २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जागेच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. पॅनलची सिस्टिम त्या यादीत घालून घ्या. बऱ्याच ठिकाणी फॉर्म बीवर हायड्रंट आणि एक्स्टिंग्विशर असतात आणि पॅनलचे सिलिंडर विसरलेले असतात. तुमच्या फायर एनओसीत पॅनलबद्दल काय अट आहे ते मूळ कागद काढून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

वेंडर निवडताना आणि कोटेशन मागताना काय बघू?

ट्यूबची चाचणी कोणी केलीय ते विचारा, यूएल, एफएम किंवा एलपीसीबी (चाचणी करून सर्टिफिकेट देणाऱ्या परदेशी संस्था), आणि सर्टिफिकेट फक्त ट्यूबचं आहे की व्हॉल्व्ह, सिलिंडर, गॅस मिळून पूर्ण सिस्टिमचं आहे ते बघा. डायरेक्ट लो प्रेशर सिस्टिमसाठी एलपीसीबीचं एलपीएस १६६६ असं वेगळं स्टँडर्डच आहे. नुसती न्यूमॅटिकची (हवेच्या दाबाची साधी) नळी लाल रंगात मिळते, दिसायला सेम. सॅम्पल ट्यूबचा तुकडा दाबाखाली आणून तुमच्यासमोर ज्वाळेवर फोडून दाखवायला सांगा, खरा माणूस आनंदाने दाखवतो.

कोटेशन मागताना प्रत्येक पॅनलच्या आतली मापं, खान्यांची संख्या, लूव्हर-फॅन आहेत का, आत काय आहे (ड्राइव्ह, कपॅसिटर, नुसते ब्रेकर), सप्लाय कुठून येतो आणि डीजी-यूपीएस-सोलर काय काय जोडलंय याची सिंगल लाइन (जोडणीचा नकाशा), आणि दार उघडून काढलेले फोटो पाठवा. एवढं पाठवल्यावर ज्याने उलटा एक तरी प्रश्न विचारला त्याला साइटवर बोलवा.